अतिशीत प्रदेशातील मालमोटारी आणि स्वयंचलित गिअरबॉक्स : कोरियन युद्धकाळापासूनचा एक ऐतिहासिक अभ्यास

कोल्हापूरचे सुपुत्र मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांनी 1953-54 मध्ये कोरियातील भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व केले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे 23 हजार युद्धकैद्यांची जबाबदारी या दलाकडे होती. या कामगिरीचा विचार आजवर प्रामुख्याने राजनैतिक अंगाने झाला. तथापि दलाची 'हिंद नगर' ही छावणी निर्लष्करी पट्ट्यात वसलेली होती आणि शस्त्रसंधीच्या अटींनुसार रसद पुरविण्याचे दायित्व त्या त्या बाजूच्या लष्करी कमांडवर होते. कोरियाच्या हिवाळ्यात अशी रसद पोहोचणे हे पहाटे मालमोटार सुरू होण्यावर अवलंबून असते. या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीची दखल लष्करी इतिहासाने फारशी घेतलेली नाही.

याच काळात अमेरिकी लष्करात अडीच टनी मालमोटारींच्या दोन पद्धतींची स्पर्धा चालू होती. रिओ कंपनीच्या एम-35 या गाडीत गिअर हाताने बदलावे लागत; जीएमसीच्या एम-135 मध्ये 'हायड्रामॅटिक' हा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. हायड्रामॅटिक प्रथम 1939 मध्ये ओल्ड्समोबिल मोटारींसाठी बाजारात आला आणि दुसऱ्या महायुद्धात एम-5 या हलक्या रणगाड्यातही बसविण्यात आला. नवशिक्या चालकालाही गाडी हाकता यावी, हा त्याचा मोठा लाभ होय.

हाताने चालवावयाच्या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगणाचे काम करते. थंडीत ते घट्ट झाले तर दांडा जड होतो, परंतु चालकाच्या मनगटाची ताकद आणि क्लच दोनदा दाबण्याची जुनी सवय यांवर वेळ निभावते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल हेच स्नायूंचे कार्य करते. इंजिनाची शक्ती तेच पुढे पोहोचविते आणि त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात. तेल मधासारखे घट्ट झाले की पंपाला ते गाळणीतून ओढता येत नाही, दाब उशिरा निर्माण होतो आणि गिअर पडण्यास विलंब लागतो. पडला तरी हिसका देऊन पडतो. गारठून कडक झालेल्या रबरी सीलमधून गळती होते ती वेगळीच. घट्ट तेलाच्या ओढीमुळे मुळात इंजिन फिरविणेच बॅटरीला अवघड जाते. अशा वेळी घाईने वेग वाढविल्यास क्लचच्या चकत्या घसरून जळतात.

म्हणूनच या यंत्राच्या प्रगतीचा इतिहास दातेरी चाकांइतकाच तेलाचाही इतिहास आहे. जनरल मोटर्सने 1949 मध्ये 'टाइप ए' हे तेल निश्चित केले. पुढे 'डेक्स्रॉन' मालिका आली. डेक्स्रॉन-3 साठी उणे 40 अंश सेल्सिअसला 20,000 सेंटीपॉइज ही घट्टपणाची कमाल मर्यादा होती, म्हणजे सामान्य तापमानातील पाण्याच्या सुमारे वीस हजार पट. 2005 च्या डेक्स्रॉन-6 मध्ये ती 15,000 वर आणण्यात आली. अलीकडील मालमोटारींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तेल ऊबदार होईपर्यंत वरचे गिअर रोखून धरतो; पूर्वी हा संयम चालकालाच पाळावा लागे.

अमेरिकेने अखेर एम-35 कायम ठेवली. हा थंडीने दिलेला कौल होता असे मानण्याचा मोह होतो, परंतु तो निष्कर्ष टिकत नाही. कॅनडासारख्या अतिशीत देशाने एम-135 गाड्या 1980 च्या सुमारापर्यंत वापरल्या. थंडीने स्वयंचलित यंत्र बाद केले नाही. तेलाची निवड आणि गाडी तापविण्याची शिस्त मात्र अपरिहार्य केली.

भारतात 1959 पासून जबलपूरला बनू लागलेली 'शक्तिमान' मालमोटार हातगिअरचीच होती. लडाखमध्ये पहिला अडसर डिझेल गोठण्याचा असे, कारण इंजिन सुरू झाल्याखेरीज गिअरबॉक्सचा पंप फिरतच नाही. उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल इंडियन ऑइलने तेथे 2019 मध्ये उपलब्ध केले. आज भारतीय अवजड मालमोटारींत जी स्वयंचलित रचना रूढ होत आहे, तिच्यात साधा गिअरबॉक्स व क्लच कायम ठेवून गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्राकडे सोपविलेले असते आणि ते बहुधा दाबाखालील हवेने होते. तेथे तेलाची जागा नवी अडचण घेते : हवेतील बाष्प नीट शोषले गेले नाही, तर नळ्यांमध्ये बर्फ धरतो.