अ‍ॅनची रोजनिशी आणि स्वयंपाकघरातला धर्म



या चातुर्मासात अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मराठी अनुवादातून वाचली. दुपारची कामे आटोपली की दहा-पंधरा पाने, असे करत संपवली. पण ती मुलगी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

अ‍ॅन ज्यू होती. जन्म १९२९ चा, जर्मनीतला. हिटलर सत्तेवर आल्यावर हे कुटुंब हॉलंडमध्ये आले, पण पुढे तोही देश जर्मनांनी जिंकला. ज्यूंनी सायकली जमा करायच्या, ट्राममध्ये बसायचे नाही, बाजार दुपारी तीन ते पाच याच वेळात करायचा, कपड्यांवर पिवळा तारा लावायचा, असे एकेक हुकूम निघत गेले. जुलै १९४२ मध्ये हे लोक वडिलांच्या कचेरीमागच्या खोल्यांत लपले. आठ माणसे, दोन वर्षांहून अधिक काळ. खाली कामगार असेपर्यंत नळ सोडायचा नाही, पाऊल वाजवायचे नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये सगळे पकडले गेले. आठांपैकी फक्त वडील परत आले. छळछावणीत अ‍ॅन गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कचेरीतल्या मीप गीस या बाईंनी विखुरलेली पाने उचलून जपली, म्हणून १९४७ साली पुस्तक निघाले.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. समजावताना बहुधा बैलाचे उदाहरण देतात. बांधून ठेवू नये, मारू नये, अवयव छेदू नये, झेपेल त्याहून जास्त ओझे लादू नये, दाणापाणी अडवू नये. ज्यूंच्या बाबतीत हे पाचही अतिचार माणसांनी माणसांवर केले.

हे सारे लांब युरोपात घडले, असे वाटेल. पण आपल्या जूचंद्रपासून वसईचा किल्ला किती जवळ! १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्याच साली गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य पोर्तुगालहून गोव्यात उतरला. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये तिथून ज्यूंना हाकलले, म्हणून ते पोर्तुगालला आले; तिथे १४९७ मध्ये ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. गार्सिया वरकरणी ख्रिस्ती म्हणून वाढला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला त्याने औषधे दिली. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापले. त्यात हिंगावर एक प्रकरण आहे. मांस-मासे न खाणारे लोक भाजीच्या भांड्याला आधी हिंग चोळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत हिंगाची डबी कुठे नाही?

गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. १५६८ मध्ये गार्सिया वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळले. १५८० मध्ये गार्सियाची हाडे उकरून तीही जाळली.

गुप्तपणे धर्म पाळल्याचा पुरावा काय धरत? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, शनिवारचे जेवण आदल्या दिवशी शिजवून ठेवले, स्वच्छ कपडे घातले, डुकराचे मांस टाळले. ही सगळी घरातल्या बाईची कामे! गोव्यात पुढे १७३६ च्या आज्ञेने बाटवलेल्या हिंदूंच्या दारची तुळस आणि मिठाशिवाय शिजवलेला भातसुद्धा गुन्हा ठरला. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो, पाणी गाळतो, कंदमुळे आणत नाही. उद्या कोणी याचीच नोंद करायला दाराशी उभा राहिला तर, हा विचार मनात आला आणि हातातला गाळणा तसाच राहिला.

याच कोकणाने दुसरे वागणेही पाहिले आहे. अलिबागकडचे बेने इस्राईल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. खूण तीच, शनिवार पाळण्याची. पण इथल्या शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’, आणि तेल घेत राहिले. त्यांच्यातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत प्रार्थनालय बांधले. त्याच्या नावाचा अर्थ आहे दयेचे दार.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. नायगाव-जूचंद्रकडे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. जागा भाड्याने देताना आपल्यातही पहिला प्रश्न असतो, “कोण आहेत? काय शिजवतात?” आपल्या स्वयंपाकघराचे नियम आपण कडकपणे पाळावेत, त्यात तडजोड नको. पण दुसऱ्याच्या भांड्यात काय आहे यावरून त्याला छप्पर मिळावे की नाही हे ठरवू लागलो, तर अतिचार फक्त बैलापुरते पाठ केल्यासारखे होईल. एकेक घर नाकारले म्हणून छळछावणी होत नाही, हे मलाही कळते. पण अ‍ॅनच्या गावातही सुरुवात लहानसहान हुकमांपासूनच झाली होती.

घरात मोठी नातवंडे असतील तर हे पुस्तक त्यांच्या हातात द्या, आणि आधी स्वतः वाचा.

जय जिनेंद्र.