उभे इंजिन आणि पाऊस

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ गाठणारी ‘शकुंतला’ वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल इंजिन आले.

पेटलेल्या इंजिनाला पावसाचे फारसे भय नसते. तापलेल्या पत्र्यावरचे पाणी उडून जाते. धोका असतो तो थंड होऊन उभ्या राहिलेल्या इंजिनाला. धुराड्याचे तोंड आभाळाकडे उघडे. त्यातून आलेले पाणी काजळीत आणि राखेत मुरते. दगडी कोळशात गंधक असते, त्यामुळे तिथे आम्ल तयार होते आणि ते सावकाश लोखंड खात बसते. म्हणून धुराड्यावर झाकण हवे.

सिलिंडरमधले पाणी त्याहून घातक. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाहीच. आम्ही हे वर्गात इंजेक्शनच्या बिनसुईच्या पिचकारीने दाखवतो : तोंड बोटाने बंद करायचे, एकदा हवा आणि एकदा पाणी भरून दट्ट्या दाबायचा. गाडी सुटताना चाकांजवळून फुसफुसत वाफ निघे, तीही याचसाठी. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे झालेले पाणी ड्रायव्हर तोट्या उघडून आधी बाहेर काढी.

डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला पंधरा-वीसपट दाबतो. वर उरलेली जागा अगदी थोडी. उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पावसाचे पाणी शिरले आणि आपण चावी फिरवली, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. मोटारीचेही तेच. आमच्याकडचे शेतकरी ट्रॅक्टरच्या उभ्या धूरनळीवर रिकामा डबा उपडा घालतात, तो उगीच नव्हे.