निशादीप्त मेघ : लेझर आणि रडारच्या नजरेतून

पृथ्वीवरील सर्वांत उंच ढग सुमारे ८३ किलोमीटर उंचीवर, मध्यांबरात तयार होतात. बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे हे ढग ध्रुवांच्या आसपास केवळ उन्हाळ्यात आढळतात. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही त्याचे किरण तेवढ्या उंचीवर पोहोचतात आणि ढग रुपेरी-निळसर चमकतात. म्हणून ते निशादीप्त मेघ. त्यांची पहिली नोंद १८८५ची, क्राकाटोआच्या उद्रेकानंतर दोन वर्षांनी झालेली.

ढग थंडीचे आणि ऋतू उन्हाळ्याचा, हे कोडेच वाटते. उन्हाळ्यात ध्रुवाकडील मध्यांबरातील हवा वर चढते, प्रसरण पावते आणि इतकी निवते की ८८ किलोमीटरजवळ तापमान उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. सुरत २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तेथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण वरचे मध्यांबर एवढे गार होत नाही. मोसमी ढग बाजूला सरले तरी सुरतकरांना हे मेघ दिसायचे नाहीत, गोमंतकीयांनाही नाहीत.

जमिनीवरून त्यांचा अभ्यास मुख्यतः दोन साधनांनी होतो. लायडार लेझरचा झोत वर सोडतो आणि कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो. या कणांच्या बाबतीत परतणारा प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो; कण दुप्पट झाला तर संकेत ६४ पट. साहजिकच लायडारला मोठे कणच दिसतात. नॉर्वेतील अँडोया बेटावर १९९४ पासून असे मापन चालू आहे. ध्रुवीय उन्हाळ्यात रात्रच होत नसल्याने भर उजेडात काम करणारे गाळक त्यासाठी लागतात. खाली ढग दाटले की मात्र लायडार हतबल.

रडारला ती अडचण नाही. सुमारे ५० मेगाहर्ट्झच्या लहरी बर्फाला पाहतच नाहीत, त्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेतील सुमारे तीन मीटरच्या चढउतारांवरून परततात. विद्युतभारित हिमकण हे चढउतार लवकर विरू देत नाहीत. त्यामुळे लायडारला न दिसणाऱ्या बारीक कणांचाही सुगावा लागतो. अलास्कातील पोकर फ्लॅटच्या रडारवरील असे प्रतिध्वनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिरुपतीजवळील गादंकी येथे ५३ मेगाहर्ट्झचे रडार आणि लायडार दोन्ही आहेत. परंतु उष्ण कटिबंधात तेथील मध्यांबरीय प्रतिध्वनी हिमकणांचे नसून हवेतील खळबळीचे असतात. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील अंटार्क्टिकातील ‘भारती’ स्थानक मात्र ६९ अंश दक्षिणेला, नेमक्या या ढगांच्या पट्ट्यात आहे.

मिथेनच्या विघटनातून वरच्या हवेत बाष्प मिसळते आणि कार्बन डायऑक्साइड मध्यांबर थंड करतो. हे ढग वाढत आहेत का, याचे उत्तर म्हणूनच एका-दोन हंगामांत मिळत नाही. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा परिणाम वेगळा काढायलाच दशके लागतात.