ट्रंक, वळकटी आणि कॅनव्हासची गुंडाळी

मुंबईत 1857 मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथले विद्यार्थी शिकायला विलायतेला जाऊ लागले त्याच्या कितीतरी आधी त्यांची चित्रे तिकडे पोहोचली होती. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती कॅनव्हासवर केल्या आणि त्या लंडनला रवाना झाल्या. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी चित्रकार रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींचीही 1866 मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत हीच गत झाली होती. चित्र बांधून धाडता येते, ते टिकवणे निराळे, हा धडा असा दोनदा मिळाला. 1924 च्या वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनासाठी तर जे. जे. चे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांनी ‘इंडियन रूम’ नावाचा अख्खा सजवलेला दिवाणखानाच मुंबईत तयार करून लंडनला पाठवला.

चित्रांमागोमाग चित्रकार निघाले. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर 1920 च्या सुमारास लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले. औंधचे माधव सातवळेकर 1937 मध्ये युरोपला गेले आणि फ्लॉरेन्स, लंडन व पॅरिस अशा तीन ठिकाणी शिकले. या दोघांच्या मधल्या काळातले नाव नगरचे आहे. गोपाळ दामोदर देऊसकर यांचा जन्म 1911 मध्ये अहमदनगरला झाला. आईवडील लवकर गेल्याने हैदराबादचे चित्रकार असलेले काका रामकृष्ण देऊसकर यांनी त्यांचा सांभाळ केला. जे. जे. मधले शिक्षण संपवून 1930 च्या दशकाच्या आरंभी, निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर, ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत दाखल झाले. पुढे पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरातली भित्तिचित्रे आणि बालगंधर्व रंगमंदिरातली बालगंधर्वांची चित्रे त्यांनी केली. नगरच्या मातीतला माणूस कलाशिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेला, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण.

त्या काळी नगरहून निघायचे तर 1878 मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाने दौंड गाठायचे, तिथून पुणेमार्गे मुंबई आणि मग बॅलार्ड पियरवरून आगबोट. एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेल्स असा टप्प्याटप्प्याचा मार्ग होता. मार्सेल्सला पोहोचायला साधारण दोन आठवडे लागत. लंडनपर्यंत बोटीनेच गेल्यास आणखी आठवडाभर. पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्टही सक्तीचा झाला.

बोटीच्या कंपन्या सामानाचे दोन भाग पाडत: प्रवासात लागणारे आणि न लागणारे. दोन्हींना वेगवेगळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या जात. न लागणारे थेट तळाच्या गुदामात जाई आणि मुक्काम येईपर्यंत त्याचे दर्शन होत नसे. हाताशी ठेवायची ती ‘केबिन ट्रंक’. ती बंकखाली सरकली पाहिजे म्हणून मुद्दाम बुटकी केलेली असे. कोणती वस्तू कुठल्या पेटीत ठेवायची हे घरीच ठरवावे लागे, आणि चित्रकाराच्या बाबतीत या निर्णयाची किंमत मोठी होती. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात गुदामातला ओला तैलरंग चिकटून बसण्याची भीती असे.

याचे कारण तैलरंगाच्या स्वभावात आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग वरून चार-आठ दिवसांत कोरडा वाटतो, पण जाड थर आतून सुकायला महिने लागतात. म्हणून निघण्यापूर्वी घाईने पूर्ण केलेले चित्र सोबत नेणे धोक्याचे. सुकलेला कॅनव्हास लाकडी चौकटीवरून उतरवायचा, त्यावर मेणकागद पसरायचा आणि रुंद नळीवर गुंडाळायचा. नवखा माणूस चित्राची बाजू आत ठेवतो, कारण ती झाकली की सुरक्षित वाटते. जाणकार ती बाहेर ठेवतात. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन त्याला वळ्या पडतात आणि त्या सहसा जात नाहीत. बाहेर ठेवली तर पडलेली बारीक भेग कॅनव्हास पुन्हा ताणल्यावर मिटण्याचा संभव असतो. नळी जितकी रुंद तितके चांगले.

कोळशाच्या रेखाटनांचे दुखणे वेगळे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते पातळ द्रावण फुंकणीने कागदावर फवारले की कोळसा धरून राहतो. पण ‘इंपीरियल’ मापाचा कागद 30 इंच लांब आणि 22 इंच रुंद असतो. तो न दुमडता केबिन ट्रंकेत मावणे कठीण. त्यामुळे दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये रेखाटने घालून नाड्यांनी बांधलेला पोर्टफोलिओ हातातूनच न्यावा लागे. सामानातला खरा ऐवज हाच होता. रॉयल अकॅडमीसारख्या संस्थेत प्रवेश मिळे तो हातच्या कामावर. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची प्रमाणपत्रे आणि पदके त्याला जोड म्हणून. शिल्पकाराची पंचाईत याहून मोठी: मातीचे किंवा प्लास्टरचे काम काही ट्रंकेत घालता येत नाही, त्याला छायाचित्रांवरच भागवावे लागे.

रंग आणि कुंचले मात्र फारसे नेण्यात अर्थ नव्हता. मुंबईत मिळणाऱ्या विन्सर अँड न्यूटन किंवा रीव्हज यांच्या नळ्या आणि व्हॉटमन कागद हे सगळे इंग्लंडहूनच आलेले. ते पुन्हा तिकडे वाहून नेणे म्हणजे उलटी गंगा वाहवणे. त्यापेक्षा लोकरी कपडे, मेतकूट, लोणचे आणि गोडा मसाला यांना ती जागा देणे अधिक उपयोगाचे होते.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. 1938 मध्ये हेलन डाम ही स्विस चित्रकर्ती नगरजवळच्या मेहेराबादला आली आणि पुढे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी झालेल्या वास्तूत आतून तिने भित्तिचित्रे रंगवली. भिंतीवरचे चित्र परत नेण्याचा प्रश्नच नसतो. ते अजून तिथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर ओढ पॅरिसकडे वळली. सय्यद हैदर रझा 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेले, पाठोपाठ गोव्याचे लक्ष्मण पै. पुढच्या दोन दशकांत परकीय चलनाची टंचाई इतकी वाढली की प्रवाशाला जेमतेम आठ डॉलर घेऊन देश सोडावा लागे. रंग तिकडे विकत घेणे आता परवडणारे नव्हते, त्यामुळे इथूनच शक्य तेवढे नेण्याकडे कल झाला. दांडेकरांची कॅम्लिन कंपनी 1931 मध्ये शाईपासून सुरू झाली होती. तिचे रंग बाजारात आल्यावर हे काहीसे सोपे झाले.

विमान आले आणि ट्रंक गेली. विमानातल्या सामानाच्या वजनमर्यादेत लोखंडी पेटीचेच वजन जास्त भरते. आज अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, विद्यार्थी फ्लॉरेन्सला निघाला तर त्याच्या कामाचे नमुने ई-मेलने आधीच पोहोचलेले असतात, आणि पूर्वीच्या पोर्टफोलिओची जागा एक लॅपटॉप घेतो. उरलेल्या नियमांमागे आगीची भीती आहे. तेलात घोटलेल्या रंगांच्या नळ्या चेक-इन सामानात सहसा चालतात. पॅलेट नाइफ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इनमध्येच ठेवावी लागते. टर्पेंटाइन, थिनर आणि फवाऱ्याचा फिक्सेटिव्ह मात्र कुठल्याच बॅगेत ठेवू नयेत. मुक्कामी उतरल्यावर ते तिथल्या दुकानातून घ्यावेत.