रंग कोण धरतो

माळव्याची काळी माती अफूसाठी गाजली, पण तिच्यात आणखी एक नगदी पीक निघे: आल. या झुडपाच्या मुळांतून लाल रंग मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने त्यावर निबंध लिहिला. पुढे कंपनीचाच अधिकारी जॉन माल्कम यानेही या पिकाची नोंद घेतली. आलीच्या काढ्यात कोरे कापड नुसते उकळून पक्का रंग चढत नाही. आधी त्याला फिटकरी पाजावी लागते. धार जिल्ह्यातल्या बाघच्या खत्री कारागिरांकडे हे तत्त्व आजही पाहता येते. चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या फिटकरीचा ठसा आधी जेमतेम दिसतो. तांब्याच्या कढईत लाल रंग आणि धावड्याची फुले घालून कापड उकळले की तेवढाच भाग लालभडक होतो. रंग सगळ्या कढईत असतो, पण तो कुठे बसणार हे फिटकरी ठरवते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत लसिका ग्रंथी शोधणारा इंडोसायनिन ग्रीन हा रंग याच इतिहासात मोडतो, असे माझे म्हणणे आहे. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवले आणि आलीची शेती हळूहळू बसली. आता बाघच्या कढईतही अलिझरिनच असते. त्याच रसायनविद्येच्या दुसऱ्या फांदीवर सायनिन रंग वाढले आणि फोटोच्या फिल्मसाठी कामी आले. कोडॅकच्या प्रयोगशाळेतला इंडोसायनिन ग्रीन 1959 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला, तोही हृदय आणि यकृताच्या तपासण्यांसाठी. इकडे व्हिएन्नात वेर्टहाइमने 1898 पासून गर्भाशयाबरोबर ग्रंथी काढायला सुरुवात केली होती. रोग नेमका कोणत्या ग्रंथीत शिरला हे दिसत नसल्याने पुढच्या शल्यविशारदांनी कटीतल्या ग्रंथी सरसकट खरवडल्या, आणि पायांची कायमची सूज कित्येक बायकांच्या वाट्याला आली.

हा नुसता योगायोग, फोटोच्या रंगाचा फिटकरीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध कामाच्या पद्धतीत आहे. 25 मिलिग्रॅम भुकटी 20 मिलिलिटर पाण्यात विरघळवून गर्भाशयमुखाला घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी टोचतात. नुसत्या पाण्यात हा रंग मंद चमकतो. शरीरातल्या प्रथिनांनी त्याला धरले की चमक वाढते आणि त्यांच्यासोबत तो लसिकेतून, रोग आधी जिथे शिरण्याची शक्यता असते त्या पहिल्या ग्रंथीपर्यंत पोहोचतो. इथे फिटकरीची जागा प्रथिने घेतात. ही चमक अवरक्त असते, डोळ्यांना दिसत नाही; पडद्यावरचा हिरवा रंग कॅमेऱ्याची यंत्रणा भरते. देवासच्या बँक नोट प्रेसला हा प्रकार नवा वाटू नये. नोटेच्या क्रमांकांची शाई अतिनील दिव्याखालीच चकाकते. म्हणजे तिथेही शाईइतकाच दिवा महत्त्वाचा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रत्येक स्त्रीला हा रंग आणि जुना निळा रंग, दोन्ही दिले होते. 485 ग्रंथींपैकी हिरव्याने 471 दाखवल्या, निळ्याने 226.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही पद्धत लवकर सापडलेल्या रोगाला लागू पडते. आपल्याकडे पुष्कळ बायका येतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते आणि किरणोपचारच करावे लागतात. मग महागड्या कॅमेऱ्याचे कौतुक कशाला? आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचे उत्तरही रंगाईच्याच घरातले आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर चाचणी केली. आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला पातळ केलेले अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावत आणि डोळ्यांनी पाहत. विकृत पेशींची प्रथिने साकळून तेवढा भाग पांढरा पडतो. दर दोन वर्षांनी झालेल्या या तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, आणि त्या सेविकांचे शिक्षण जेमतेम दहावीपर्यंतचे होते.