फियाट टिकली ती कशामुळे?

जुन्या मोटारी दणकट होत्या, त्यांचा पत्रा जाड होता, त्यांना हल्लीसारखी सारखी सर्व्हिसिंगची गरज पडत नसे, असे पुष्कळ जण मनापासून मानतात. पुरावा म्हणून मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी पुढे केली जाते आणि तो पुरावा खरोखरच वजनदार आहे. फियाट ११०० या इटालियन मोटारीचे १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेले रूप पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने देशभर ओळखले गेले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी मुंबईकरांच्या तोंडी ‘फियाट’च राहिलेली ही टॅक्सी रस्त्यावरून हटली नाही. २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली, तीही मोडली म्हणून नव्हे, तर टॅक्सीसाठी ठरवलेली २० वर्षांची मुदत संपली म्हणून. ही कारकीर्द कुणी नाकारू शकत नाही. परंतु तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. ही गाडी इतकी वर्षे चालली ती तिच्या पोलादामुळे कमी आणि तिच्यामागे रोज राबणाऱ्या हातांमुळे अधिक. हा इतिहास नीट पाहिला तर आजच्या गाडीशी आपण कसे वागावे, याचेही उत्तर त्यातच मिळते.

सुरुवात टंचाईपासून करायला हवी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तेव्हा मुंबईत मोटारींची जुळणी होतच होती. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्येच जुळणीचा कारखाना उघडला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. सुटे भाग बाहेरून आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे वाव नाही, जे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करतील त्यांनीच राहावे, अशी भूमिका १९५३ मध्ये घेतली गेली आणि परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरले तीन प्रमुख कारखाने: कोलकात्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर आणि चेन्नईत स्टँडर्ड. उत्पादनावर परवान्याची मर्यादा होती आणि १९६९ मध्ये तर केंद्राने मोटारींच्या विक्रीच्या किमतीही ठरवून दिल्या. नवी गाडी हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. अशा काळात हातातली गाडी बिघडली तर ती टाकून दुसरी घेण्याचा मार्गच नव्हता. गाडी जपणे हा शौक नव्हता, तो नाइलाज होता. या नाइलाजातूनच देखभालीची एक अख्खी दुनिया शहरात उभी राहिली.

त्या गाडीला काय काय लागत होते, ते पाहिले की ‘तिला काही होत नसे’ हा समज टिकत नाही. १०८९ सीसीच्या त्या इंजिनात ठिणगी पडायची ती डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या उघडझापीने. प्रत्येक उघडझापीत पॉइंटचे तोंड किंचित जळे, त्यांच्यातली फट बदले, ठिणगीची वेळ चुके आणि गाडी ओढायला कमी पडून पेट्रोल मात्र जास्त पिऊ लागे. म्हणून पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे, फीलर गेज लावून फट जुळवायची आणि काही हजार किलोमीटरनंतर ते बदलायचे. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये पेट्रोलमधला गाळ अडके, तो खोलून साफ करावा लागे. टॅपेटचा आवाज वाढला की सेटिंग. पुढच्या चाकांच्या किंगपिनला आणि शाफ्टच्या क्रॉसला ठरलेल्या अंतराने ग्रीस भरले नाही तर ते झिजून स्टिअरिंगमध्ये खेळ येई. चारही चाकांना ड्रमब्रेक असल्यामुळे लायनर झिजेल तसे ब्रेक जुळवून घ्यावे लागत, आणि पावसाळ्यात दादरच्या हिंदमाता भागात तुंबलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ते वाळेपर्यंत जपून चालवावे लागे. इंजिनात साचलेला कार्बन काढण्यासाठी हेड खोलणे, वॉल्व्ह घासणे, रिंगा बदलणे, पुढे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, ही ‘इंजिनकामे’ गाडीच्या आयुष्यात धरूनच चालत. आजचे नीट सांभाळलेले पेट्रोल इंजिन सहसा लाखाहून अधिक किलोमीटर हेड न उघडता चालते आणि बहुतेक गाड्यांना १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग पुरते. म्हणजे जुन्या गाडीला देखभाल कमी लागत होती हे खरे नाहीच. ती इतकी वारंवार लागे की तिला वेगळे नाव देण्याचीही गरज वाटत नसे.

ही देखभाल करणारी माणसे कोण होती? टॅक्सी बहुधा दोन पाळ्यांत चाले. ती उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे, म्हणून इंजिनाचा सूर थोडा जरी बदलला तरी चालकाचे कान टवकारले जात. तो ज्याच्याकडे जाई तो मिस्त्री सगळे एकट्याने करत नसे. इंजिनवाला वेगळा, वायरिंग आणि डायनामो पाहणारा वेगळा, लेथवाला वेगळा, डेंटर वेगळा, पेंटर वेगळा. या कामगारांची घडण गॅरेजमध्येच होई. पाने पुसत, नट-बोल्ट धुवत पोऱ्या उस्तादाच्या हाताकडे पाहत शिके. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमाने याच शिक्षणाला औपचारिक वाट करून दिली. सुट्या भागांसाठी चोरबाजार होता, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणारी दुकाने होती. या सगळ्या देखभालीवर देखरेख होती ती कायद्याची. व्यावसायिक वाहनाला फिटनेस प्रमाणपत्राची अट १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच होती, १९८८ च्या कायद्याने ती कायम ठेवली. टॅक्सीवाल्याच्या भाषेत हे ‘पासिंग’. पासिंग जवळ आले की ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, पत्रा, रंग सगळे पाहिले जाई. खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे अशी कोणतीही तपासणी नव्हती आणि आजही नाही. दिवसरात्र राबणारी टॅक्सी दशकानुदशके टिकली, याचे मोठे कारण या फरकात आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, गाडी मुळात भक्कम असल्याशिवाय इतका मार सोसलाच कसा असता? यात तथ्याचा अंश आहे. फियाटची रचना साधी होती, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि चार पान्यांनी निघे. पण दुरुस्त करायला सोपी असणे आणि न बिघडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फियाटच्या सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार मुंबईत पिढ्यानपिढ्या चालला, हाच ते भाग किती वेळा निकामी होत याचा सर्वांत बोलका पुरावा. खाऱ्या, दमट हवेत तो प्रसिद्ध जाड पत्राही गंजत होता, म्हणून तर डेंटर आणि वेल्डरला कामाची कमी नव्हती. शिवाय आपल्या आठवणीत राहते ती टिकलेली गाडी. भंगारात गेलेल्या हजारो फियाटना साक्षीला कुणी बोलावत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पासिंगच्या आदल्या आठवड्यात रंग मारायचा, चांगले टायर उसने लावायचे आणि प्रमाणपत्र मिळाले की मूळपदावर यायचे, असेही होत नव्हते का? होत होते. तपासणी गाडीची त्या एका दिवसाची स्थिती सांगते, वर्षभराची सवय ती सांगू शकत नाही. म्हणूनच केवळ सक्तीवर विसंबलेली देखभाल अपुरी ठरते, आणि म्हणूनच त्याच काळात महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका व्यवस्थेकडे पाहणे आवश्यक आहे.

ती व्यवस्था एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली तेव्हापासूनच या सेवेपुढे प्रश्न होता की, खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर, घाटांत, पावसात चालणारी गाडी मध्येच बंद पडली तर तिथे मिस्त्री आणायचा कुठून? उत्तर असे काढले गेले की, गाडी बंद पडण्याची वाट पाहायचीच नाही. आगारात कार्यशाळा, तिच्यावर विभागीय कार्यशाळा आणि मोठ्या कामांसाठी दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा, अशी तीन पायऱ्यांची रचना उभी राहिली. टॅक्सीचा मिस्त्री बिघाडाला उत्तर देत होता. एसटीच्या कार्यशाळेने बिघाडाच्या आधी गाठायचे ठरवले. कोणता भाग किती चालल्यावर पाहायचा हे तिथे चालकाच्या कानावर सोपवलेले नाही, ते वेळापत्रकात आणि नोंदवहीत आहे. त्या कार्यशाळांना पुढे पैशांची आणि सुट्या भागांची चणचण भासली तेव्हा वाटेत बंद पडणाऱ्या गाड्यांच्या रूपाने तिची किंमत प्रवाशांनी मोजली. पद्धत चुकीची असल्याचा हा पुरावा मानता येणार नाही. पद्धत मोडली की काय होते, याचा तो पुरावा आहे. आपण आज ज्याला नियमित व्यावसायिक देखभाल म्हणतो तिचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे आणि सर्वांत जुन्यांपैकी एक उदाहरण म्हणजे एसटी.

खासगी गाडीला ही शिस्त खऱ्या अर्थाने लागली मारुतीमुळे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, आणि तिच्याबरोबर मोफत सर्व्हिसची कुपने व अधिकृत वर्कशॉपचे जाळे आले. त्यानंतर गाडीच्या पोटातले जग झपाट्याने बदलले. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. कार्बोरेटर गेला, त्याची जागा संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली. २०१० पासून बिघाडाची स्वतः नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली आणि एप्रिल २०२० मध्ये उत्सर्जनाचे बीएस-सहा निकष लागू झाले. या बदलाचा मुख्य परिणाम असा की गाडीतल्या यंत्रणा एकमेकींत गुंतल्या. फियाटचा एक प्लग काळा पडला तर गाडी अडखळे आणि प्लग साफ केला की गोष्ट संपे. आज तसाच खराब प्लग दुर्लक्षित राहिला तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो तापून निकामी होतो आणि काही शे रुपयांच्या कामाचे हजारोंचे होते. फियाटच्या रेडिएटरमध्ये साधे पाणी घालून भागे. आजच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनात गंजरोधक कूलंट नसेल तर आतून पोखरण सुरू होते. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो त्यांत तो वेळेवर न बदलल्याने तुटला तर अनेकदा वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहते, त्यामुळे ते लवकर उकळते आणि लांबच्या घाटात नेमका गरजेच्या वेळी ब्रेकचा पॅडल खाली जातो. यातले बरेचसे बिघाड आवाज करत नाहीत. डॅशबोर्डवरचा दिवा फक्त सेन्सरला कळते तेवढेच सांगतो. झिजलेला टायर, चिरलेला रबरी बुश, जुने झालेले ब्रेक ऑइल यांची खबर बहुतेक गाड्यांत कुणी देत नाही. जुना मिस्त्री कानाने जे ओळखायचा त्यातले पुष्कळ आज शांतपणे बिघडते, म्हणून ठरलेल्या वेळी प्रशिक्षित माणसाने उघडून पाहण्याला पर्याय उरलेला नाही.

तिसरा आक्षेप वाचकाच्या मनात केव्हाचा असेल: सर्व्हिस सेंटरमध्ये बिल फुगवले जाते, नको ती कामे गळ्यात मारली जातात, त्याचे काय? ही तक्रार निराधार नाही आणि तिच्याकडे काणाडोळा करून देखभालीचा पुरस्कार करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्यावरचा उपाय देखभाल टाळणे हा असू शकत नाही. काय आवश्यक आहे हे ठरवण्याचा अधिकार बिल करणाऱ्याला देण्याची गरजच नाही, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिन्यांसह छापलेले असते. त्यापलीकडचे काम सांगितले तर कारण विचारावे, बदललेला जुना भाग परत मागावा, प्रत्येक जॉबकार्ड जपून ठेवावे. व्यावसायिक म्हणजे केवळ कंपनीचा झगझगीत शोरूम असेही नाही. ज्याच्याकडे त्या गाडीचे प्रशिक्षण, स्कॅनर आणि योग्य हत्यारे आहेत आणि जो केलेल्या कामाची लेखी नोंद देतो, असा गल्लीतला गॅरेजवालाही तितकाच व्यावसायिक आहे. टॅक्सीवाला आपल्या मिस्त्रीकडून फसवला जात नसे, कारण गाडीतले त्याला थोडेफार कळत होते. तेवढे कळून घेणे आजच्या मालकालाही अशक्य नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ऑइल आणि प्लग लागत नाहीत हे खरे, पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा त्यांनाही आहेच.

पद्मिनीच्या कारकिर्दीचे श्रेय तिला सतत तपासणाऱ्या चालकांना, मिस्त्रींना आणि वर्षाच्या वर्षाला तिला उभे करून पाहणाऱ्या नियमाला द्यायला हवे. टंचाई संपली, नवी गाडी आता सहज मिळते, म्हणून जपण्याचा नाइलाज उरला नाही. त्या नाइलाजाची जागा आता समजुतीने घ्यायला हवी, कारण नीट न पाहिलेल्या ब्रेकची किंमत रस्त्यावरच्या तिऱ्हाइतालाही मोजावी लागते. तेव्हा गाडीच्या कप्प्यात पडून असलेली सर्व्हिसची पुस्तिका आजच काढून वाचा, शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा, आणि तारीख उलटून गेली असेल तर गाडी या आठवड्यातच दाखवून घ्या.