स्ट्रॅटोकास्टर गिटार : बदली पिकअप व सुटे भाग

इलेक्ट्रिक गिटारचे मूळ पिकअप काढून दुसरे बसवणे आणि गरजेप्रमाणे पॉट (आवाज व टोन कमी-जास्त करणारे फिरते रोधक), स्विच, ब्रिज, नट, खुंट्या बदलणे, हा गिटारवादकांमध्ये रुळलेला उद्योग. तो सर्वांत जास्त केला जातो तो फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर आणि तिच्या धर्तीवर निघालेल्या असंख्य स्वस्त-महाग गिटारींवर. याचे कारण तिच्या रचनेत आहे. मान देहाला चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली असते. तिन्ही पिकअप, तिन्ही पॉट आणि स्विच एकाच प्लास्टिकच्या पिकगार्डावर बसवलेले असतात. तारा सैल करून पिकगार्डाचे स्क्रू काढले की सगळी विद्युत मांडणी उलटून हातात येते. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. दुरुस्तीला सोपी वस्तू बनवायची ही त्यांची सवय या गिटारीत जागोजागी दिसते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ पिकअपमध्ये फायबरच्या दोन चकत्यांमध्ये अल्निकोच्या सहा कांड्या उभ्या बसवलेल्या असतात. अल्निको हा लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. या कांड्यांभोवती सुमारे ०.०६३ मिमी जाडीच्या इनॅमल तारेचे साधारण ८,००० वेढे असतात. पोलादी तार चुंबकावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये तेवढाच हलता विद्युतदाब तयार होतो. तीच वेटोळी घरातल्या वायरिंगची गुणगुणही पकडतात. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उलट्या वेढ्यांच्या आणि उलट चुंबकध्रुवांच्या दोन कॉइल शेजारी ठेवून ही गुणगुण मारली. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला हा हंबकर १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला. स्ट्रॅटोकास्टरमध्ये पिकअप बदलू पाहणाऱ्याची निम्मी ओढ या हंबकरकडे असते.

सुट्या पिकअपचा स्वतंत्र बाजार १९७० च्या दशकात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ चा. सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. त्याआधी वादक जुन्या गिटारीतले भाग काढून नव्या गिटारीत घालत. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी गिब्सनच्या गिटारीतला हंबकर काढून स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे बोलीतल्या ‘स्ट्रॅट’च्या आकाराच्या देहात बसवला, आणि तो शिट्टी मारू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कला घेतलेली काळी स्ट्रॅट हे भाग बदलण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. तिची मान अनेकदा बदलली, ब्रिजचा दांडा कापून आखूड केला, ब्रिजकडचा पिकअप आधी डिमार्झिओचा आणि मग १९७९ मध्ये सेमूर डंकनचा झाला. इतके सगळे बदल होऊनही जून २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. मूळ भागांशिवाय गिटारीला किंमत नाही, असे मानणाऱ्या संग्राहकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

पिकअप विकत घेण्याआधी असलेल्या पिकअपची उंची तपासावी. हे सांगितले सगळीकडे जाते, करते मात्र फारसे कोणी नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या तळापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजायचे. साध्या एका कॉइलच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपसाठी ते जाड तारेखाली २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ मिमीच्या आसपास असावे. अल्निकोच्या कांड्या तारेला ओढतात. त्या फार जवळ असतील तर वरच्या फ्रेटांवर सूर थरथरतो, जाड तार बेसूर वाटते आणि दोष बिचाऱ्या मानेला किंवा ब्रिजला दिला जातो. ‘आवाज बेसूर येतो, पिकअप बदलायचे आहेत’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी एका फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने मिटतात.

पिकअप निवडताना खोक्यावरचा रोधाचा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो, आणि एवढा फसवा आकडा दुसरा नाही. स्ट्रॅटचा पिकअप साधारण ६ किलोओम, जुन्या धर्तीचा हंबकर ८ च्या आसपास, सेमूर डंकनचा ‘जेबी’ १६ च्या पुढे. त्यावरून ‘जास्त किलोओम म्हणजे जास्त दणदणीत’ असा हिशेब मांडला जातो. पण तेवढ्याच वेढ्यांसाठी ४२ ऐवजी ४३ गेजची तार वापरली की ती बारीक असल्याने रोध वाढतो. आवाज मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तापमानाचाही वाटा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. त्यामुळे २० अंशांना ६.०० किलोओम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांना जवळजवळ ६.४७ दाखवील. पिकअप तोच, वेढे तेवढेच.

खरा उपयोगाचा आकडा प्रवर्तकत्वाचा, म्हणजे हेन्रीचा. तो पिकअपच्या आवाजातला कळस कुठे येईल हे ठरवतो. पिकअपचे प्रवर्तकत्व आणि केबलची धारिता मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. साधारण केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटर केबल ५०० ची, आणि गिटारीच्या आतले मिळून सुमारे ६०० पिकोफॅरड. स्ट्रॅटच्या २.४ हेन्रीच्या पिकअपचा कळस तेवढ्या धारितेवर ४,२०० हर्ट्झच्या आसपास येतो. तिथेच तो काचेसारखा खणखणीत आवाज आहे. ४.५ हेन्रीच्या हंबकरचा कळस ३,००० वर उतरतो आणि ८ हेन्रीचा पिकअप २,३०० वरच थांबतो. म्हणून तगडे पिकअप मोठे वाजतात पण मंदही वाटतात. केबल दहा मीटरची घेतली की हे सगळे आकडे आणखी खाली येतात. आवाज फार चरचरीत वाटतो म्हणून पिकअप बदलणाऱ्याने आधी दुसरी केबल लावून पाहावी.

मूळ आवाज ठेवून फक्त गुणगुण घालवायची असेल तर एकावर एक कॉइल रचलेले किंवा दोन चिंचोळ्या पट्ट्यांचे पिकअप मिळतात. सेमूर डंकनचा ‘हॉट रेल्स’ हा दुसऱ्या प्रकारातला. तो स्ट्रॅटच्या खाचेत बसतो, पण वाजतो हंबकरसारखा जाड. पूर्ण आकाराचा हंबकर ब्रिजकडे घालायचा तर देहातली पोकळी मोठी हवी. आज अनेक स्वस्त गिटारींत ती आधीच कोरलेली असते. पिकगार्ड उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याआधी पिकअप मागवणे म्हणजे मापाशिवाय कापड फाडणे. मापांचा आणखी एक गोंधळ चुंबकांमधल्या अंतराचा. पहिल्या ते सहाव्या कांडीचे अंतर मूळ स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये ५२ मिमी. पूर्व आशियात बनणाऱ्या अनेक संचांत ते मानेकडून ब्रिजकडे ४८, ५० आणि ५२ असे वाढत जाते. फेंडरच्या धर्तीच्या ब्रिजखाली गिब्सनच्या मापाचा, ४९-५० मिमीचा हंबकर ठेवला तर बाहेरच्या दोन तारा चुंबकांच्या कडेवर येतात. म्हणून फेंडर-अंतराचे हंबकर वेगळे विकले जातात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र केले की कलेची (फेजची) अडचण येते. दोन पिकअप परस्परविरुद्ध कलेत असतील तर एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकात बोलल्यासारखा येतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून पिकअपच्या दोन तारांना लावायचा आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक कांड्यांवर टेकवायचे. आकडा क्षणभर वर उसळतो किंवा खाली बुडतो. मीटरच्या तारा त्याच क्रमाने लावल्यावर सगळे पिकअप एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा उलटा निघाला तर त्याच्या दोन तारा अदलाबदल करायच्या. चार तारांच्या हंबकरमध्ये रंगांचा घोळ ठरलेला: डंकनमध्ये काळी तार स्विचकडे जाते, हिरवी भूमीला (ग्राउंडला), आणि लाल-पांढरी एकमेकींना, डिमार्झिओमध्ये लाल स्विचकडे, हिरवी भूमीला, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचे चित्र बघून दुसऱ्याचे सोल्डरिंग केले की संध्याकाळ गेलीच.

पॉटचे मूल्य आवाजाचा भाग असते. फेंडरने सिंगल कॉइलला २५० किलोओम वापरले, गिब्सनने हंबकरला ५००. मूल्य कमी असेल तर कळस बोथट होतो. हंबकर २५० च्या पॉटवर लावून ‘नवा पिकअप मंद आहे’ म्हणणे हा नेहमीचा अन्याय. पॉटांची नेमकी मूल्ये मात्र २० टक्के इकडे-तिकडे असतात, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत २५० ऐवजी २२०, ५०० ऐवजी ४७० मिळाला तर बिनदिक्कत घ्यावा. पाहायचे ते अक्षर: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला लिनियर लावला तर बराच वेळ काही होत नाही आणि शेवटच्या फेऱ्यात आवाज एकदम पडतो. छिद्रही मोजावे. अमेरिकी पॉटला सुमारे ९.५ मिमीचे भोक लागते, छोट्या पॉटला ७. आणि दांडा दातेरी की गुळगुळीत यावर जुनी बटणे बसणार की नाही ते ठरते.

कंडेन्सरबद्दल जितके लिहिले गेले आहे तितका त्याचा परिणाम नाही. सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा असे, पुढे ०.०५ आणि ०.०२२ चे आले. टोन पूर्ण उघडा असताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही. तेलात भिजवलेल्या कागदाचा महागडा कंडेन्सर आणि त्याच मूल्याचा साधा फिल्म कंडेन्सर यांतला फरक कानापेक्षा खिशाला जाणवतो. फुकटातला उत्तम बदल वेगळाच आहे: मूळ मांडणीत ब्रिजकडच्या पिकअपला टोन जोडलेलाच नाही. स्विचवर बोटभर तारेचा तुकडा टाकून मधला टोन त्याला जोडता येतो, आणि कर्कश वाटणारा ब्रिज-पिकअप माणसात येतो. स्विचबाबत एवढेच, की १९७७ पर्यंत फेंडर तीनच जागांचा देत असे. वादक दांडा मधोमध अडकवून दोन पिकअपचा आवाज काढत, आणि त्यातून पाच जागांचा स्विच रूढ झाला.

ब्रिज घेताना दोन मापे आधी लिहून ठेवावीत. पुढच्या सहा स्क्रूंपैकी बाहेरच्या दोहोंमधले अंतर जुन्या अमेरिकी मापात ५६ मिमी, अनेक नव्या गिटारींत ५२.५. चुकीचा ब्रिज घरी आला तर लाकूड भरून पुन्हा भोके पाडावी लागतात. दुसरे माप खालच्या ठोकळ्याच्या उंचीचे. स्वस्त गिटारींत तो जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा आणि बुटका असतो. त्याजागी पोलादी ठोकळा घातल्यास सूर जास्त टिकतो असे बहुतेकांचे मत आहे. पण काही गिटारींचा देह ४५ मिमीऐवजी ४० मिमीच्या आसपास जाड असतो, आणि पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो.

तारा सुरात राहत नाहीत म्हणून बहुतेक जण खुंट्या बदलतात, आणि बहुतेकदा दोष नटचा असतो. तार ओढल्यावर नटमध्ये ‘टिक्’ असा आवाज आला तर खाच अडते आहे. ती बारीक कानसीने मोकळी करावी किंवा हाडाचा नवा नट घ्यावा. फेंडरची नटची खाच सुमारे ३.२ मिमी रुंद असते, गिब्सनची बरीच जास्त. खुंट्या बदलायच्याच असतील तर जुन्या क्लुसन धर्तीच्या खुंट्यांना डोक्यात ८.७ मिमीच्या आसपास भोक असते आणि आधुनिक खुंट्यांना १० मिमी. मोठ्या भोकात छोटी खुंटी बसवण्यासाठी पितळी बुश मिळतात. उलट दिशेने जायचे तर लाकूड कोरावे लागते.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत सर्वांत आधी गंजतात ते तारांखालच्या सॅडलचे उंचीचे बारीक स्क्रू. जुन्या मापात त्यांना १.२७ मिमीची ॲलन चावी लागते, मेट्रिक मापात १.५ ची. लहान चावी मोठ्या डोक्यात फिरवली की डोके गोल होते आणि स्क्रू कायमचा बसतो. स्टेनलेस स्टीलच्या सहा जोड्या पिकअपच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात येतात. घेताना आट्यांचे माप, आणि प्रत्येक तारेसाठी लागणारी लांबी वेगळी, हे लक्षात ठेवावे.